पिंपाआधी द्राक्ष : स्पेनच्या लाल वाइनचे मूळ वाण आणि त्यांची चव

स्पेनच्या रेड वाइनबद्दल बोलताना बहुतेक जण व्हॅनिला, खोबरे, तंबाखू आणि चामडे या वासांची नावे घेतात. यातले पहिले दोन वास मुख्यतः अमेरिकी ओक लाकडाच्या पिंपातून वाइनमध्ये उतरतात, आणि उरलेले दोन वाइन वर्षानुवर्षे आधी पिंपात व नंतर बाटलीत पडून राहिल्याने सावकाश तयार होतात. याचा अर्थ असा की, ज्या चवीवरून आपण स्पेन ओळखतो तिचा मोठा भाग लाकडाने आणि काळाने घडवलेला असतो. अशा मुरलेल्या वाइन मला मनापासून आवडतात. परंतु केवळ त्यांच्याच वाटेने स्पेनची ओळख करून घेणाऱ्याला तिथली द्राक्षे फार उशिरा भेटतात आणि काही वाण तर कधी भेटतच नाहीत, असे माझे ठाम मत झाले आहे. द्राक्षलागवडीखालचे क्षेत्र जगात सर्वांत जास्त असलेल्या देशाबाबत असे व्हावे, ही मोठी हानी आहे. म्हणून या लेखात मी आधी द्राक्षाकडे आणि मग पिंपाकडे जाणार आहे.

रेड वाइनचा रंग आणि तिचा तुरटपणा सालीतून येतो. बहुतेक लाल वाणांचा गर पांढराच असतो, आणि रस सालीसह आंबवल्यामुळे तो रंगतो. जांभूळ खाल्ल्यावर जीभ जशी ओढली जाते तशी जी ओढ रेड वाइन प्यायल्यावर हिरड्यांना जाणवते, ती टॅनिन या तुरट द्रव्याची. साल जाड असेल तर रंग आणि ओढ दोन्ही अधिक मिळतात, आणि साल पातळ असेल तर वाइन फिकी व मऊ होते. त्याच्या जोडीला आंबटपणा येतो, ज्याने तोंडाला पाणी सुटते आणि ज्याच्यामुळे वाइन दीर्घकाळ टिकते. साल, आंबटपणा आणि साखर या तीन गोष्टींचे प्रमाण प्रत्येक वाणात निराळे असते, आणि स्पेनमधल्या वाणांमध्ये तर ते इतके निराळे असते की एकाच देशातून या सगळ्या वाइन येतात यावर चटकन विश्वास बसत नाही.

सुरुवात टेम्प्रानियोपासूनच करावी लागते, कारण स्पेनमध्ये सुमारे २ लाख हेक्टरवर पसरलेला हा वाण तिथल्या लाल वाणांमध्ये क्षेत्राने सर्वांत मोठा आहे. उत्तर स्पेनमधील रिओहा या वाइनप्रदेशात त्याला टेम्प्रानियो म्हणतात, रिबेरा देल दुएरोत तिंतो फिनो किंवा तिंता देल पाईस, तोरोत तिंता दे तोरो, ला मांचा आणि वाल्देपेन्यासमध्ये सेन्सिबेल, कातालोनियात उल दे येब्रे, आणि सीमेपलीकडे पोर्तुगालमध्ये तिंता रोरिस किंवा आरागोनेस. डीएनए तपासणीतून असे दिसून आले आहे की आल्बियो मायोर हा पांढरा वाण आणि बेनेदिक्तो हा आता जवळजवळ नामशेष झालेला काळा वाण यांच्या नैसर्गिक संकरातून टेम्प्रानियो जन्माला आला. तो लवकर पिकतो, त्याचा घड मोठा आणि मणी एकमेकांना चिकटून दाटलेले असतात, साल बऱ्यापैकी जाड असते. मात्र आंबटपणा मुळात कमी असतो आणि सुगंध फार उधळणारा नसतो. कोवळ्या टेम्प्रानियोत लाल फळांचा, म्हणजे चेरी आणि स्ट्रॉबेरीचा वास येतो, उष्ण भागात तो आलुबुखाराकडे झुकतो, आणि घोट गिळल्यावर मागे थोडासा मातकट, सुक्या पानांसारखा स्वाद राहतो. या वाणाचा स्वभाव संयमी आहे. स्वतःचा आवाज मोठा नसल्यामुळेच तो लाकडाला सहज जागा देतो, आणि रिओहाच्या साऱ्या इतिहासाचे मूळ मला त्याच्या या स्वभावात दिसते.

हाच वाण तीन ठिकाणी प्यायला की प्रदेशाचा हात स्पष्ट दिसतो. रिओहाच्या पश्चिम भागात, जिथे अटलांटिकची थंड हवा पोचते आणि माती चुनखडीयुक्त चिकणमातीची आहे, तिथे टेम्प्रानियो मध्यम बांध्याचा, नेटका आणि लाल फळांचा राहतो. दुएरो नदीच्या खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून साधारण ७५० ते १,००० मीटर उंचीवर, उन्हाळ्यातील दिवस भाजून काढणारे आणि रात्री चांगल्याच गार असतात. दिवसाच्या उन्हाने रंग व साखर भरते आणि रात्रीच्या गारव्याने आंबटपणा वाचतो. त्यामुळे रिबेरा देल दुएरोची वाइन गडद, काळ्या फळांची आणि टॅनिनने भरलेली असते. याच खोऱ्यात १८६४ साली स्थापन झालेली वेगा सिसिलिया ही वाइनरी जगभर नावाजली गेली, पण या भागाला स्वतःचे अधिकृत भौगोलिक मानांकन मात्र १९८२ साली मिळाले. दुएरोच्या काठाने आणखी पश्चिमेला गेले की तोरो लागते. तिथली जमीन वाळूची, ऊन अधिक तिखट आणि वेली जुन्या. तिथला टेम्प्रानियो जाडजूड, भरदार असतो आणि मद्यार्काचे प्रमाण १५ टक्क्यांपर्यंत सहज जाते. ज्याने फक्त रिओहा प्यायली आहे त्याला तोरोचा पहिला घोट दुसऱ्याच द्राक्षाचा वाटेल.

आता पिंपाविषयी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत रिओहातली बहुतेक वाइन लवकर प्यायची, स्थानिक वापराची होती. १८५२ साली मार्केस दे मुर्रिएता आणि १८५८ साली मार्केस दे रिस्काल या वाइनरी उभ्या राहिल्या आणि त्यांनी फ्रान्समधील बोर्दो या वाइनप्रदेशाच्या धर्तीवर २२५ लिटरच्या ओक पिंपात वाइन मुरवण्याची पद्धत रुजवली. त्यानंतर थोड्याच वर्षांत फ्रान्सच्या द्राक्षबागांवर फिलॉक्सेरा या मुळांतला रस शोषणाऱ्या किडीचा घाला पडला आणि बोर्दोचे व्यापारी वाइनच्या शोधात पिरेनीज पर्वत ओलांडून रिओहात आले. आरो गावातील रेल्वे स्थानकाभोवती आजही जुन्या वाइनरींची जी दाटी दिसते ती त्या काळातली आहे. लोपेस दे एरेदिया ही तिथलीच, १८७७ सालची, आणि ती आपली पिंपे अजूनही स्वतःच्या आवारात बनवते. पद्धत बोर्दोची असली तरी लाकूड हळूहळू अमेरिकी झाले, कारण अटलांटिकपलीकडील व्यापारामुळे ते स्पेनला सहज आणि स्वस्तात मिळत होते. अमेरिकी ओकमध्ये खोबऱ्यासारखा वास देणारे लॅक्टोन नावाचे घटक भरपूर असतात आणि व्हॅनिलाची गोडसर छटाही ठळक उतरते, तर फ्रेंच ओकचा ठसा अधिक सौम्य, लवंगेकडे झुकणारा असतो. फिलॉक्सेरा पुढे रिओहातही पोचलाच, परंतु तोपर्यंत तिथल्या लोकांच्या जिभेवर पिंपाची चव कायमची बसली होती.

रिओहाच्या बाटलीवरील वर्गवारी प्रामुख्याने या मुरण्याच्या काळावर ठरते. क्रियान्सा म्हणजे किमान २ वर्षे मुरलेली आणि त्यातले किमान १ वर्ष पिंपात काढलेली वाइन. रेसेर्वा किमान ३ वर्षांची, त्यात १ वर्ष पिंपात. ग्रान रेसेर्वा किमान ५ वर्षांची, त्यात २ वर्षे पिंपात. बाटलीच्या मागच्या शासकीय पट्टीचा रंगही त्यानुसार बदलतो : कोवळ्या वाइनला हिरवा, क्रियान्साला लाल, रेसेर्वाला गडद तांबडा आणि ग्रान रेसेर्वाला निळा. ग्राहकाच्या दृष्टीने ही सोय मोठी आहे, आणि वाइनरीने स्वतःच्या तळघरात वर्षे सांभाळून वाइन पिण्यायोग्य झाल्यावर विकावी ही रीत मला फार उदार वाटते. तरीही या वर्गवारीने एक सवय लावली, की जितकी वर्षे जास्त तितकी वाइन थोर असे लोक धरून चालतात. पट्टीवरून पिंपाचा काळ कळतो, पण द्राक्ष कोणते, कोणत्या उतारावरचे आणि किती वयाच्या वेलीचे, हे तिच्यावरून कळत नाही.

म्हणून टेम्प्रानियो ओळखायचा असेल तर मी पहिली बाटली हिरव्या पट्टीची घ्यायला सांगेन, आणि शक्य असल्यास रिओहा आलावेसा भागातील शेतकऱ्यांच्या जुन्या पद्धतीची. या पद्धतीत घड देठांपासून न सोडवता, न चिरडता, अखंडच उघड्या हौदात टाकतात. वरच्या घडांच्या वजनाने तळाचे मणी फुटून आंबायला लागतात, हौदात कर्बवायू साठतो, आणि वरच्या अखंड मण्यांच्या आतच आंबण्याची क्रिया सुरू होते. सालीचा रंग उतरतो, पण टॅनिन बेताचे राहते. तयार होणारी वाइन जांभळट, रसरशीत, स्ट्रॉबेरी आणि ज्येष्ठमधाच्या वासाची असते आणि वर्षभरात पिऊन संपवायची असते. लाकडाचा तिला स्पर्शही झालेला नसतो. त्या भागात द्राक्षवेलीच्या छाटलेल्या काड्यांच्या निखाऱ्यावर कोकराच्या बरगड्या भाजतात, आणि त्यांच्याबरोबर ही वाइन ज्या चवीने जाते त्याला मुरलेली रेसेर्वाही येत नाही, असे मला वाटते.

रिओहाच्या बाटलीत टेम्प्रानियोबरोबर अनेकदा आणखी दोन वाण थोड्या प्रमाणात असतात. ग्रासियानो उशिरा पिकतो, उत्पन्न तुटपुंजे देतो, आणि म्हणूनच मधल्या काळात शेतकऱ्यांनी तो मोठ्या प्रमाणावर काढून टाकला. पण त्याचा रंग, त्याचा धारदार आंबटपणा आणि व्हायोलेट फुलांचा व काळ्या चहाचा सुगंध यांच्यामुळे मिश्रणाला दीर्घायुष्य मिळते. टेम्प्रानियोत जे कमी आहे ते नेमके याच्यात आहे. दुसरा मासुएलो, ज्याला आरागोन आणि कातालोनियात कारिन्येना आणि फ्रान्समध्ये कारिन्यान म्हणतात. रंग, आंबटपणा आणि तुरटपणा हे तिन्ही त्याच्यात उदंड आहेत, नजाकत मात्र कमी, आणि भुरी रोगाला तो चटकन बळी पडतो, ही गोष्ट कोणत्याही द्राक्ष बागायतदाराला धडकी भरवणारी आहे. आरागोनमधील ज्या प्रदेशाने त्याला आपले नाव दिले त्या कारिन्येनातच आज त्याच्यापेक्षा गार्नाचाचे क्षेत्र कितीतरी मोठे आहे.

आणि गार्नाचा हाच माझ्या सर्वाधिक जिव्हाळ्याचा वाण आहे. जग त्याला ग्रेनाश या फ्रेंच नावाने ओळखते, पण त्याचे मूळ बहुधा आरागोनमध्येच आहे. त्याचे लाकूड मजबूत, वाढ सरळ उभी. त्यामुळे तारेच्या किंवा मांडवाच्या आधाराशिवाय, जमिनीलगत बुटक्या झुडपासारखा तो वाढवता येतो. एब्रो नदीच्या खोऱ्यात वाहणारा सिएर्सो नावाचा कोरडा, जोरकस वारा आणि महिनोन्महिने न पडणारा पाऊस हे दोन्ही तो सोसतो. साल पातळ असल्यामुळे वाइनचा रंग फिका, टॅनिन मऊ. पण साखर भरपूर भरत असल्यामुळे मद्यार्क १४-१५ टक्क्यांवर सहज जातो. पिकलेली स्ट्रॉबेरी, रास्पबेरी, संत्र्याची सुकी साल, पांढरी मिरी आणि रानातल्या सुक्या औषधी वनस्पती असा त्याचा सुगंध असतो, आणि वाइनमध्ये साखर शिल्लक नसतानाही पहिल्या घोटाला जिभेवर गोडवा जाणवतो. हवेचा संपर्क त्याला मानवत नाही. जास्त काळ लहान पिंपात ठेवला तर तो लवकर विटकरी होतो आणि त्याचे फळ विझते. रिओहाच्या दीर्घ मुरवणीच्या मापाने मोजले तर हा त्याचा दोष ठरतो. एरवी तो त्याचा स्वभाव आहे, आणि त्याला त्याच स्वभावाने वागवले तर तो अपार देतो.

दुर्दैवाने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याला तसे वागवले गेले नाही. सहकारी वाइनरींमध्ये तो ढीगभर, जाड आणि नशेची वाइन देणारा वाण मानला गेला. रिओहात आणि नावार्रात त्याच्या जागी टेम्प्रानियो लावला गेला. आणि स्पेन युरोपीय समुदायात गेल्यानंतर वेली उपटण्यासाठी मिळणाऱ्या अनुदानात कितीतरी जुन्या बागा नाहीशा झाल्या. पन्नास-साठ वर्षांच्या वेलीवर घड कमी येतात, पण त्यांच्यात जे एकवटलेले असते ते कोवळ्या वेलीत येत नाही, आणि एकदा उपटलेली वेल परत मिळवायला पुन्हा तेवढीच वर्षे द्यावी लागतात. या नुकसानीबद्दल मला आजही हळहळ वाटते. ज्या बागा वाचल्या त्या मुख्यतः डोंगराळ, यंत्र न पोचणाऱ्या जागी असल्यामुळे वाचल्या, आणि आज स्पेनच्या काही सर्वोत्तम वाइन तिथूनच येत आहेत.

त्यांपैकी तीन जागा मला वेगळ्या सांगायच्या आहेत. आरागोनमध्ये मोन्कायो पर्वताच्या पायथ्याशी काम्पो दे बोर्हा आणि तिथून दक्षिणेला कालातायूद येथे गार्नाचा भरदार, पिकलेल्या फळांचा आणि किमतीच्या मानाने अतिशय उदार असतो. सुरुवात करणाऱ्याने इथूनच करावी. माद्रिदच्या पश्चिमेला ग्रेदोस पर्वतरांगेत, ग्रॅनाइटच्या रेताड जमिनीवर आणि कित्येक ठिकाणी १,००० मीटरच्या आसपास उंचीवर, तोच गार्नाचा पारदर्शक, फुलांच्या वासाचा, जवळजवळ पाण्यासारखा हलका दिसणारा आणि तरीही तोंडात दीर्घकाळ रेंगाळणारा होतो. तिसरी जागा कातालोनियातील प्रिओरात. बाराव्या शतकात स्काला देई येथे कार्थुसियन साधूंचा मठ वसला तेव्हापासून तिथे द्राक्षे आहेत, पण विसाव्या शतकात गावे ओस पडली आणि बागा माजल्या. रेने बार्बिए, आल्वारो पालासिओस आणि त्यांच्या साथीदारांनी ग्रातायोप्स गावात एकत्र येऊन १९८९ सालच्या द्राक्षांपासून वाइन केली, आणि त्यानंतरच्या दशकात प्रिओरात जगाच्या नकाशावर आले. तिथली जमीन म्हणजे लिकोरेया हा काळा, अभ्रकाने चमकणारा पाटीचा दगड. त्याच्या फटींतून मुळे पाण्याच्या शोधात खोल जातात. इथे जुना गार्नाचा आणि जुना कारिन्येना यांचे मिश्रण करतात, आणि गार्नाचाचा गोडसर मऊपणा कारिन्येनाच्या आंबट-तुरट कण्याला टेकून उभा राहतो. घोटात काळी फळे, ज्येष्ठमध आणि ओल्या दगडासारखा थंड, खनिज स्वाद असतो. स्पेनमध्ये सर्वोच्च दर्जाचे भौगोलिक मानांकन मिळालेले दोनच वाइनप्रदेश आहेत, रिओहा आणि प्रिओरात.

नामसाधर्म्यामुळे होणारा एक घोळ इथेच दूर करतो. आल्मान्सा भागात पिकणारा गार्नाचा तिंतोरेरा हा गार्नाचाचा प्रकार नसून फ्रान्समध्ये एकोणिसाव्या शतकात ग्रेनाशच्या संकरातून तयार केलेला आलिकान्त बुशे हा वाण आहे. याचा गरसुद्धा लाल असतो, आणि वाइन शाईसारखी गडद होते.

भूमध्य समुद्राच्या बाजूला, मुर्सिया आणि आलिकान्तेच्या पठारांवर, मोनास्त्रेलचे राज्य आहे. फ्रान्समध्ये तो मूर्वेद्र म्हणून ओळखला जातो. हुमिया, येक्ला, बुयास आणि आलिकान्ते या त्याच्या घरांमध्ये पाऊस वर्षाकाठी जेमतेम ३०० मिलिमीटर पडतो आणि ऊन निष्ठुर असते. पण या उशिरा पिकणाऱ्या, जाड सालीच्या आणि लहान मण्याच्या वाणाला पूर्ण पिकायला एवढेच ऊन लागते. कमी पिकला तर तो हिरवट, कडक लागतो, आणि जास्त पिकला तर मनुकांच्या पाकासारखा होतो, म्हणून तोडणीचा दिवस निवडणे हीच तिथली खरी कसोटी. नीट जमलेल्या मोनास्त्रेलमध्ये ब्लॅकबेरी आणि काळा आलुबुखार, रोझमेरीसारख्या रानवनस्पती, कोको आणि भाजलेल्या मांसाचा खमंगपणा असतो. बाटली उघडल्यावर पहिली काही मिनिटे वास कोंदट वाटू शकतो. वाइन काचेच्या भांड्यात ओतून अर्धा-एक तास हवा लागू दिली की फळ पुढे येते. ससा घालून शिजवलेल्या, पातळ बेखमीर रोटीचे तुकडे टाकलेल्या तिथल्या रश्शाबरोबर ही वाइन पितात, आणि आपल्या काळ्या मसाल्याच्या मटणाबरोबरही मी तिचीच शिफारस करेन, फक्त तिखट बेताचे हवे, कारण मद्यार्क आणि मिरची एकमेकांचा दाह वाढवतात.

हुमियाच्या वाळूमिश्रित जमिनीत फिलॉक्सेराला फार काळ शिरकाव करता आला नाही, आणि तिथल्या वेली स्वतःच्याच मुळांवर राहिल्या. पण १९८९ साली कीड तिथेही पसरली आणि बागांचे मोठे नुकसान झाले. आपल्याकडचे शेतकरी डॉगरीजच्या खुंटावर कलम करतात तसे युरोपातही कीड रोखण्यासाठी अमेरिकी खुंटावर कलम करणे हाच सार्वत्रिक उपाय ठरला. म्हणून हुमियात आज स्वमुळावरच्या ज्या जुन्या बागा उरल्या आहेत त्यांना फार मोल आहे. याच वाणापासून आलिकान्तेत फोन्दियोन नावाची एक दुर्मीळ वाइन करतात : वेलीवर अतिपक्व होऊ दिलेली द्राक्षे, बाहेरून मद्यार्क न मिसळता नैसर्गिकरीत्या मिळवलेला किमान १६ टक्के मद्यार्क, आणि जुन्या लाकडी पिंपांत किमान १० वर्षे मुरवण. अक्रोड, खजूर आणि अंजिराचा तिचा वास मिळाला तर सोडू नये. पिंपाला एवढा वेळ देऊनही द्राक्ष हरवत नाही याचे हे माझ्या माहितीतले सर्वांत देखणे उदाहरण आहे.

वायव्येकडे गेले की सगळेच बदलते. गालिसिया आणि लेऑनच्या सीमेवर पाऊस पडतो, डोंगर हिरवे असतात आणि वाण मेन्सिया असतो. बिएर्सो हे त्याचे मुख्य घर. सिल आणि मिन्यो नद्यांच्या खोल दऱ्यांवर उभ्या कड्यांत बांधलेल्या पायऱ्यांची रिबेइरा साक्रा हे दुसरे. त्या पायऱ्यांवर यंत्र चालत नाही, तोडलेली द्राक्षे पाठीवरून किंवा रुळांवर सरकणाऱ्या छोट्या गाड्यांतून वर आणावी लागतात. मेन्सिया म्हणजे फ्रान्सहून यात्रेकरूंनी आणलेला कॅबर्ने फ्रांक असावा, असे पूर्वी बरेच लोक मानत. डीएनए तपासणीने ते खोटे ठरवले, आणि पोर्तुगालच्या दाऊँ प्रदेशातील जाएन हा मात्र मेन्सियाच निघाला. १९९९ साली आल्वारो पालासिओस आणि त्यांचा भाचा रिकार्दो पेरेस यांनी बिएर्सोच्या पाटीदगडाच्या उतारांवरील जुन्या बागा हाती घेतल्यापासून या वाणाकडे गांभीर्याने पाहिले जाऊ लागले. आंबट चेरी, लाल करंट, व्हायोलेट, किंचित मिरी आणि ओला दगड असे त्याचे स्वाद आहेत. बांधा मध्यम, टॅनिन बारीक. उकडलेल्या ऑक्टोपसवर ऑलिव्ह तेल आणि लाल मिरचीची धुरकट पूड घालून गालिसियात खातात, आणि रेड वाइन समुद्री अन्नाबरोबर चालत नाही हा समज त्या ताटासमोर टिकत नाही.

बोबालबद्दल थोडक्यात. वालेन्सियाच्या आतल्या बाजूला, उतिएल-रेकेनाच्या ७०० ते ९०० मीटर उंचीच्या पठारावर तो प्रचंड प्रमाणात आहे, आणि क्षेत्राच्या हिशेबाने स्पेनच्या आघाडीच्या लाल वाणांत मोडतो. तरी त्याचे नाव बाटलीवर दिसणे अगदी अलीकडचे. फिक्या वाइनला रंग चढवण्यासाठी घाऊक विकला जाणे एवढेच दीर्घकाळ त्याच्या वाट्याला आले. गुलाबी वाइनसाठी रस काढून घेतल्यावर उरलेल्या साली दुसऱ्या हौदातील रसात टाकून दुप्पट सालीची गडद वाइन करण्याची रीत तिथे होती. आता जुन्या वेलींपासून काळजीपूर्वक केलेला बोबाल मिळतो : आंबटपणा टवटवीत, टॅनिन थोडे रांगडे, काळी चेरी आणि डाळिंबाची आठवण देणारा.

कानारी बेटांना २०२५ पर्यंत फिलॉक्सेरा शिवला नव्हता. तेनेरिफेच्या ज्वालामुखीच्या मातीत वाढणारा लिस्तान नेग्रो हलका, मिरमिरीत आणि धुरकट असतो. त्याचा नामबंधू लिस्तान प्रिएतो सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांबरोबर अमेरिका खंडात गेला, आणि चिलीत पाईस व कॅलिफोर्नियात मिशन या नावांनी आजही उभा आहे. सालामांकाच्या डोंगरातील रुफेते, लेऑनचा प्रिएतो पिकुदो, मायोर्काचा कायेत हे वाण आपल्याकडे सहसा मिळणार नाहीत. स्पेनला जाणाऱ्याने मात्र ते मुद्दाम मागून घ्यावेत.

टेम्प्रानियो महाराष्ट्रातही लागला आहे. नाशिक जिल्ह्यात दिंडोरी भागात चारोसा या वाइनरीने त्याची वाइन केली आहे. आपल्याकडे वेल थंडीत झोपत नाही; एप्रिलमध्ये खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी आणि जानेवारी ते मार्चदरम्यान तोडणी असे चक्र असते. उन्हाळा चढण्याआधी द्राक्ष पिकून हाती यावे लागते, आणि लवकर पिकणारा टेम्प्रानियो या गणितात मोनास्त्रेलपेक्षा कितीतरी सहज बसेल असे मला वाटते. गार्नाचाही नाशिकमध्ये आहे. सुला त्यापासून गुलाबी वाइन करते.

हे सारे वाण शेजारी ठेवून चाखायचे असतील तर क्रम हलक्याकडून जडाकडे ठेवावा : आधी मेन्सिया, मग ग्रेदोसचा किंवा आरागोनचा गार्नाचा, मग कोवळा टेम्प्रानियो, त्यानंतर मोनास्त्रेल, आणि पिंपात मुरलेली रिओहा रेसेर्वा सर्वांत शेवटी, म्हणजे लाकडाने जीभ आधीच व्यापली जाणार नाही. कोवळा टेम्प्रानियो आणि शेवटची रेसेर्वा यांचे ग्लास समोरासमोर ठेवून हुंगले की द्राक्षाचे काय आणि पिंपाचे काय, हे वेगळे कळू लागते. तापमान फार महत्त्वाचे आहे. रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी हा सल्ला युरोपातील गार घरांसाठी आहे. पुण्या-मुंबईच्या ३० अंशांच्या खोलीत गार्नाचा नुसता मद्यार्काचा दर्प देतो. मेन्सिया आणि गार्नाचा १४-१५ अंशांवर, बाकीच्या १६ ते १८ अंशांवर ठेवाव्यात, आणि त्यासाठी बाटली पिण्याआधी दीड-दोन तास फ्रिजमध्ये ठेवणे पुरते. जुन्या ग्रान रेसेर्वाच्या तळाशी गाळ साठलेला असतो, म्हणून ती आदल्या दिवसापासून उभी ठेवावी आणि ओतताना शेवटचा दोन बोटे भाग बाटलीतच राहू द्यावा.